ज्याचं त्याने सांगायचं

"ठेवायची म्हणजे ठेवायची, वैनी. आपल्यात रीतच आहे ती."

"रीत मला शिकवू नका, भावजी. ज्याने सोडली त्याच्याच ताटात परत कशी ठेवता?"

"सोडली असं तू म्हणतेस."

"मी कशाला? अख्खा कोपर म्हणतो."

"मेलेला माणूस काय सोडत नसतो. त्याला जे आवडायचं ते द्यायचं, तृप्त करून पाठवायचं, संपला विषय. बाबांच्या दहाव्याला बिडीचं बंडल ठेवलं, आजीला मशेरी ठेवली. तेव्हा तू हू की चू केलं नाहीस."

"बाबांनी बिडी सोडली नव्हती. आजीने मशेरी सोडली नव्हती. ह्याने सोडलेली. आणि कशी सोडली ते तुम्ही बघायला नव्हता. मी होते."

मॅग्डलीन दारात उभी होती, एक चप्पल पायात आणि एक हातात. ती आल्याचं नंदाला आणि तिच्या दिराला, धनेशला, दोघांनाही कळलं नव्हतं. समोरच्या टेबलावर केळीचं पान मांडलेलं होतं. त्यावर भाताचा गोळा, उडदाचा वडा, वाटीत सुक्या बोंबलाची चटणी. पानाच्या शेजारी एक काळी प्लास्टिकची पिशवी होती. आत क्वार्टर आहे हे पिशवीच्या आकारावरूनच कळत होतं. भिंतीवर नंदाच्या नवऱ्याचा, महिपतचा फोटो, त्याला ताजा हार. फोटोत तो बँडच्या लाल कोटात होता आणि कोणीतरी नुकताच विनोद केल्यासारखा बाजूला बघून हसत होता.

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीने, महिपतच्या आयने, आधी तिला पाहिलं.

"आली बघ तुजी मॅडम," ती नंदाला म्हणाली. "आता तीच सांगेल काय ते."

दोघंही वळले. मॅग्डलीनने दुसरी चप्पलही काढली आणि आत आली. नंदाने तिला सकाळीच फोन केला होता. 'मॅडम, याल का? इथे माझं कोणी ऐकत नाही,' एवढंच बोलली होती. का बोलावलंय हे मॅग्डलीनला तेव्हाच उमगलं होतं, आणि वर्तकनगरहून कोपरला येईपर्यंत ती मनातल्या मनात म्हणत होती की आपल्याला फक्त बसायला बोलावलेलं असू दे.

या घरात तिला सगळे मॅगी मॅडम म्हणत. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नाव मॅगी असलं तरी माझ्याकडे दोन मिनिटांत काही होत नाही." महिपत पिऊन होता, तरीही खो खो हसला होता. आयला ते कळलंच नव्हतं. तिला नंतर समजावून सांगितल्यावर ती एकटीच दुसऱ्या दिवशी हसली.

मॅग्डलीन कोपरला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायची. डॉक्टर भला माणूस, संध्याकाळी खोली रिकामीच असते म्हणून त्याने दिलेली. दारावर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. लोक विचारत यायचे, "दारू सोडवणारी बाई इथेच बसते ना?"

"मी दारूला हातच लावत नाही," ती म्हणायची, "सोडवू कशी? मी घराला हात लावते."

आणि खरंच तसंच होतं. पिणारा माणूस एकटा तिच्यासमोर आला की ती त्याला परत पाठवायची. "तुझ्या घरी जेवायला कधी बसता? त्या वेळेला मी येते." मग ती जायची आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी बसून नुसती बघायची. कोण कुठे बसतं. कोणाचं ताट आधी वाढलं जातं, कोणाचं झाकून ठेवलं जातं. जिन्यात पाऊल वाजलं की कोण बोलायचं थांबतं. बायका ओशाळायच्या. "मॅडम, औषध सांगा ना काहीतरी." ती म्हणायची, "सांगते. आधी ही भाजी वाढ. आणि तू आज नवऱ्याच्या जागी बस, तो तुझ्या जागी बसू दे." जागा बदलली की माणसं घाबरतात, तिने पाहिलं होतं. नवरा चुलीकडे तोंड करून बसला की त्याला पहिल्यांदा दिसायचं, बायकोला इथून दारात कोण आलंय ते दिसतच नाही, फक्त ऐकू येतं.

तिची दुसरी सवय अशी की ती बाटली लपवायची जागा विचारायची. प्रत्येक घरात असतेच. माळ्यावर, सिलिंडरच्या मागे, कुठे देवाच्या फळीखाली. "ती जागा रिकामी नाही ठेवायची," ती सांगायची. "रिकामी जागा बोलावते. तिथे तुला जीव लावावासा वाटेल असं काहीतरी ठेव."

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तिचा नियम. घरातल्या सगळ्यांकडून ती तो पाठ करून घ्यायची. ज्याचं त्याने सांगायचं. बायकोने वास घ्यायचा नाही, आईने खिसे तपासायचे नाहीत, पोरांनी चुगली करायची नाही. चुकलं तर ज्याचं चुकलं तो आपल्या तोंडाने येऊन सांगेल, आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचं.

हा नियम तिने कुठल्या पुस्तकातून घेतलेला नव्हता. तिचे वडील टेरेन्स ठाण्यात कारखान्यात फिटर होते, आणि पगाराच्या दिवशीच काय, कुठल्याही दिवशी पिऊन यायचे. आई भांडायला घाबरायची. म्हणून ती लहान मॅगीला पुढे करायची, "जा, पप्पाला किस दे. आणि मला येऊन सांग." पोर जायची, गालावर ओठ टेकायची, वास घ्यायची आणि आत येऊन मान हलवायची. मग आतून आवाज सुरू व्हायचे. एक दिवस टेरेन्सच्या ते लक्षात आलं. तो ओरडला नाही, काही नाही. त्या दिवसानंतर पोर जवळ आली की त्याने मान दुसरीकडे वळवायला सुरुवात केली, इतकंच. तो मरेपर्यंत मॅगीला त्याचा गाल पुन्हा सापडला नाही.

तिच्याकडे येणाऱ्या कोणालाही तिने हे कधी सांगितलं नाही. फक्त एखाद्या घरात पोराला बापाचं तोंड हुंगायला पाठवताना पाहिलं की तिचा आवाज वाढायचा, आणि लोकांना वाटायचं, मॅडम एवढ्याशा गोष्टीवरून का चिडल्या.

महिपत बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. हळदीची रात्र म्हटली की टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंत त्याला मागणी. बाप त्याच बँडचा मास्तर होता. पोराचा दम टिकावा, लाज मोडावी म्हणून त्यानेच हळदीत पहिला घोट पाजला होता, अगदी लाडाने, स्वतःच्या ग्लासातून. पुढे घोटाचं काय झालं ते सांगायला नको. पण घर मोडलं ते नुसत्या पिण्याने नाही. त्यांची मुलगी होती, अक्षदा. तिला ताप भरला त्या रात्री महिपत कुणाच्या तरी हळदीत वाजवत होता. त्याला निरोप गेला. तो म्हणाला, एवढं गाणं होऊ दे. सकाळी लाल कोटात, बाहीला हळद लागलेली, तो घरी पोचला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

त्यानंतर नवरा-बायको त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मॅग्डलीन पहिल्यांदा आली तेव्हा नुसतं जेवण बघूनच तिला कळलं, या घरात कोणीतरी जेवायला कमी आहे आणि त्याची जागा सगळे सोडून बसतात. पुढच्या खेपेला तिने महिपतला नंदाच्या जागी बसवलं, नंदाला त्याच्या.

"आता तू महिपत. बोल," ती नंदाला म्हणाली.

नंदाने ताट पुढे ओढलं. मग त्याच्या आवाजात, त्याच्यासारखीच मान तिरकी करून म्हणाली, "एवढं गाणं होऊ दे."

महिपतने हातातला घास खाली ठेवला. तो रडला तेव्हा आयने उठून पंखा बंद केला, का ते कोणालाच कळलं नाही. नंदा मग आपल्या आवाजात म्हणाली, "पोरगी तुझंच नाव घेत होती रे. माझं नाही घेतलं एकदाही." सोडण्याची सुरुवात तिथून झाली. औषधं, दवाखाना, घाम, उलट्या, शिव्या, दोनदा पळून जाणं हे सगळं नंतरचं.

बँड सोडला. डोंबिवलीत एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन लागला. बाटली तो तांदळाच्या ड्रमच्या मागे ठेवायचा. त्या जागी त्याने क्लॅरोनेटची पेटी ठेवली. "बँड सोड, वाद्य नको सोडू," असं मॅग्डलीननेच सांगितलं होतं. सुट्टीच्या दुपारी तो ड्रमला टेकून बसायचा आणि शेजारच्यांची झोप मोडणार नाही इतपत वाजवायचा. वर्षं गेली. मॅग्डलीन नव्या घरांना सांगायची, "कोपरला एक महिपत आहे, त्याच्याशी बोला." तोही बोलायचा. गेटवरच्या खुर्चीत बसून कितीतरी जणांना त्याने पाणी पाजलं होतं आणि शहाणपण सांगितलं होतं.

मग तो एका संध्याकाळी तिच्या खोलीत आला, बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला, आणि म्हणाला, "मॅडम, झालंय माझ्याकडून."

धनेशच्या मुलीचा, रसिकाचा, साखरपुडा ठरला होता. पोरीने काकाच्या गळ्यात हात टाकून मागितलं होतं, तू वाजवायचं. त्याने पेटी काढली. "बोटं थरथरतात हो. सूर फुटतो. पोरीसमोर, सगळ्या जुन्या बँडवाल्यांसमोर फुटला तर? एक घोट घेतला, लागला सूर. परत दुसऱ्या दिवशी."

"नंदाला सांगितलंस?"

"साखरपुडा होऊ दे. वाजवतो एकदा, मग सांगतो. तुम्ही नका सांगू."

"मी कशी सांगेन? ज्याचं त्याने सांगायचं." मग ती म्हणाली होती, "पण उशीर करू नकोस, महिपत. एवढं गाणं होऊ दे, असंच म्हणतोयस तू." तो चमकला. मान हलवून गेला. ती थांबली. स्वतःच्या नियमाला धरून थांबली. आणि साखरपुड्याच्या आधीच तो गेटवर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

"मॅडम, तुम्ही सांगा," धनेश म्हणाला. त्याने काळी पिशवी उचलून पुन्हा ठेवली. "माझा भाऊ होता तो. मला काय त्याची बदनामी करायचीय? पण खोटं नको ना. शेवटपर्यंत कोरा होता की नव्हता?"

"माझ्याकडे जे बोललं जातं," मॅग्डलीन म्हणाली, "ते माझ्याकडेच राहतं, धनेशभाऊ. माणूस गेला तरी."

"म्हणजे बोललेला काहीतरी."

"तसं मी म्हटलं नाही."

"मग 'नाही' म्हणा ना. एक शब्द. 'पीत नव्हता.' मी पिशवी गटारात टाकतो, वैनीच्या पाया पडतो आणि निघतो खाडीवर. भटजी वाट बघतोय."

मॅग्डलीनने तोंड उघडलं. शब्द अगदी छोटा होता. नंदा तिच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी होती का दटावणी, मॅग्डलीनला ठरवता येईना. पंख्याने हाराच्या पाकळ्या हलत होत्या. तेवढ्या वेळात जे कळायचं ते सगळ्यांना कळून गेलं.

"बघितलं?" धनेश म्हणाला. जिंकल्यासारखा नाही, आवाज बसलाच त्याचा. तो खाली खुर्चीत बसला.

आयने पदराने डोळे पुसले. "मला त्यात काय करायचंय रे, तो पीत होता का नाय. मी त्याला दूध पाजलं तेव्हा विचारलं नाय तुला कशाला पाहिजे म्हणून. पोर तहानेलं नाय गेलं पाहिजे, एवढंच. ठेव गो नंदे. उपाशी नको धाडू त्याला."

नंदाने कोणाकडेच पाहिलं नाही. "मॅडम, जरा आत या," ती म्हणाली.

स्वयंपाकघर तेच. मॅग्डलीन चौकटीशी जिथे बसायची ती जागा तशीच पुसून घेतलेली. नंदाने दोन्ही हातांनी तांदळाचा ड्रम ओढला, मागून पेटी काढली आणि ओट्यावर ठेवून उघडली. क्लॅरोनेटचे तुकडे मखमलीत आपापल्या खाचेत झोपलेले होते. एका खाचेत, जिथे तोंडाचा तुकडा असायला हवा, तिथे फडक्यात गुंडाळलेली बाटली होती. अर्धी.

"तुला माहीत होतं," मॅग्डलीन म्हणाली.

"झोपेत वास यायचा. मी काय हुंगायला नाही गेले हां, मॅडम. तुमची शपथ. शेजारी झोपलं की येतोच तो." नंदाने फडकं उलगडून पुन्हा घडी घातली. "पेटी पुसायला काढली तेव्हा दिसली. तशीच ठेवली परत. म्हटलं, सांगेल. सकाळी चहा दिला की वाटायचं, आज सांगतोय. तोंड उघडायचा पण. मग म्हणायचा, साखर कमी आहे."

मॅग्डलीनने ओट्याची कड धरली.

"तुम्हाला सांगितलेलं त्याने?"

"हो."

इतकी वर्षं कोणाच्याही घरात जे केलं नव्हतं ते असं एका अक्षरात झालं. तिला वाटलं होतं काहीतरी मोडल्याचा आवाज येईल. काही आला नाही. बाहेर धनेश फोनवर कोणाला तरी 'येतोय, येतोय' म्हणत होता.

"काय म्हणाला?"

"तुला सांगणार होता. साखरपुडा झाल्यावर. रसिकासाठी वाजवायचं होतं त्याला."

"म्हणजे तुम्ही थांबलेलात, मी थांबलेले, आणि तो थांबलेला." नंदा हे अगदी शांतपणे म्हणाली, बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं. "तिघं एका घरात. एकमेकांना चहा देत." मग ती म्हणाली, "मॅडम, मी नुसतं विचारलं असतं, काय रे, घेतोस का परत? भांडले असते थोडी. तर?"

"नंदा, डॉक्टर म्हणाले ना, हार्ट..."

"डॉक्टरांना नाही विचारलं मी."

मॅग्डलीनला कितीतरी वाक्यं येत होती. स्वतःला दोष देऊ नकोस. परत घसरणं हा आजाराचाच भाग असतो. ही वाक्यं तिने कितीजणींना दिली होती, आणि ती खोटीही नव्हती. आत्ता मात्र त्यातलं एकही उचलायला हात होईना. गालापासून वळलेली एक मान तिला दिसत होती. पोरांना त्यातून वाचवायला तिने नियम केला होता, आणि या घरात त्याच नियमाने तिघांच्या माना वळल्या होत्या. कोणी कोणाच्या जवळ गेलं नव्हतं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "त्याने स्वतः सांगितलं तर ते त्याचं राहील."

"राहिलं," नंदा म्हणाली. "त्याचं त्याच्यापाशीच राहिलं."

तिने बाटली घेतली, पेटी बंद केली, ड्रम जागेवर सरकवला. बाहेर येऊन तिने केळीचं पान ताटात घेतलं, त्यावरचा वडा जरा सरकवला आणि बाटली भाताच्या गोळ्याशेजारी ठेवली. काळ्या पिशवीला हातही लावला नाही. धनेश उभा राहिला. त्याने बाटलीकडे पाहिलं, मग नंदाकडे पाहिलं.

आय पुढे वाकली. "अर्धीच? उष्टं नसतं ठेवत गो पानात."

"त्याचंच उष्टं आहे, आय."

म्हातारीने हात पुढे करून बाटलीला एकदा बोट लावलं, पोराच्या कपाळाला लावावं तसं, आणि मागे झाली.

धनेश ताट घ्यायला आला. "दे, वैनी, मी धरतो." नंदाने मान हलवली आणि ताट स्वतःच उचललं. तो आयला हाताला धरून जिन्याकडे घेऊन गेला. खोलीत दोघीच उरल्या. मॅग्डलीन दाराशी गेली. आपल्या चपला कुठल्या, ते तिला त्या ढिगात पटकन दिसेना.

"नंदा," ती म्हणाली, "मी येऊ का खाडीवर?"

नंदा थांबली. तिने ताटावर धरलेला पदर नीट केला, बाटली कलंडू नये म्हणून पदराखाली एक बोट घालून ती सरळ केली. मॅग्डलीनच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तिच्या बाजूने, तिला धक्का लागणार नाही असं अंग चोरून, उंबरा ओलांडला आणि जिना उतरून गेली.